आयबीएम क्वांटमचा फुकट प्लॅन: बेल चाचणीसाठी कितपत कामाचा?

दर २८ दिवसांना १० मिनिटं. आयबीएम क्वांटम प्लॅटफॉर्मच्या ओपन प्लॅनमध्ये खऱ्या क्वांटम प्रोसेसरवर एवढा वेळ फुकट मिळतो. प्रोसेसर प्रत्यक्ष चालला तेवढाच वेळ मोजतात, रांगेत ताटकळलेला धरत नाहीत. ऐकायला ही भीक वाटते. पण बेलच्या असमानतेची, म्हणजे मोजण्याआधीच उत्तरं ठरलेली असतात का हे बघणारी, चाचणी घ्यायला दहा मिनिटं पुरून उरतात, त्यामुळे वेळेबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती वेगळी. या सेवेतून बाहेर पडणारा आकडा इतका देखणा असतो, की बघणारा लगेच सुतावरून स्वर्ग गाठतो: "वास्तववाद खोटा ठरला, आणि तो माझ्या लॅपटॉपवरून ठरला." तसं काही ठरत नाही. काय ठरतं आणि काय ठरत नाही, हे तपासायचं साधन म्हणून मात्र ही सेवा आज फुकटात मिळणाऱ्या गोष्टींत सगळ्यात चांगली आहे. हा रिव्ह्यू तेवढ्याच कामापुरता आहे. रसायनशास्त्राची गणितं किंवा क्वांटम मशीन लर्निंगसाठी ती कशी आहे, हा प्रश्न इथे नाही.

आधी मोजायचं काय ते. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांचा मूळ निष्कर्ष १९६४ चा. प्रयोगात वापरतात ते रूप क्लाउझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांनी १९६९ मध्ये दिलं, म्हणून त्याला सीएचएसएच म्हणतात. दोन बाजू, अ आणि ब. प्रत्येक बाजूला मोजमापाचे दोन पर्याय, आणि उत्तर नेहमी +१ किंवा −१. आता समजा, मोजण्याआधीच चारही पर्यायांची उत्तरं ठरलेली आहेत आणि अ बाजूचं उत्तर ब बाजूला काय निवडलं यावर अवलंबून नाही. ब च्या दोन उत्तरांची बेरीज करा आणि वजाबाकीही करा. दोन्ही उत्तरं ±१ असल्यामुळे या दोहोंतली एक शून्य येते आणि दुसरी ±२. अ च्या पहिल्या उत्तराने बेरजेला गुणा, दुसऱ्याने वजाबाकीला, आणि दोन्ही मिळवा. एकूण ±२ च येणार. कितीही वेळा करून सरासरी काढली तरी ती २ च्या पुढे जाणार नाही. क्वांटम सिद्धांत मात्र २ गुणिले √२, म्हणजे २.८२८ पर्यंत जाऊ देतो. त्यापुढे तोही जाऊ देत नाही. ही वरची मर्यादा त्सिरेल्सन यांनी १९८० मध्ये दाखवली. दोन्ही मर्यादा लक्षात ठेवा, दुसरी पुढे कामाला येणार आहे.

मांडणी करताना पहिली अडचण येते ती जुन्या कोडची. यूट्यूबवर आणि ब्लॉगांवर पडलेले बहुतेक धडे किस्किट १.० च्या आधीचे आहेत (किस्किट म्हणजे क्वांटम प्रोग्रॅम लिहायचं आयबीएमचं पायथॉन-सॉफ्टवेअर). १.० आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि तिच्यात जुनी 'एक्झिक्यूट' आज्ञाच काढून टाकली. त्यावर कडी म्हणजे जुन्या किस्किटवर नवं बसवायला गेलात तर दोन्ही एकमेकांत अडकतात. म्हणून पायथॉनचं नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट करा आणि त्यात किस्किट, किस्किट-आयबीएम-रनटाइम आणि किस्किट-एअर ही तीन पॅकेजं कोऱ्या पाटीवर बसवा. जुलै २०२५ पासून जुनं संकेतस्थळही बंद झालंय. आता आयबीएम क्लाउडचं खातं, तिथली एपीआय की आणि चॅनेलचं नवं नाव लागतं. की तयार झाल्या झाल्या कॉपी करून ठेवा, नंतर ती पुन्हा दाखवत नाहीत. शिवाय मार्च २०२४ पासून सर्किट, म्हणजे गेट नावाच्या क्रियांची मालिका, त्या यंत्राच्या स्वतःच्या गेटांत उतरवून, म्हणजे ट्रान्स्पाइल करूनच पाठवावं लागतं. तसं केलं नाही तर काम परत येतं. त्रुटीचा संदेश स्पष्ट असतो, एवढं श्रेय द्यायला हवं.

सर्किट छोटंसं आहे. दोन क्युबिट (क्वांटम बिट), पहिला अ चा, दुसरा ब चा. पहिल्यावर हॅडमार्ड गेट (० आणि १ चं समान मिश्रण करणारं), मग पहिला नियंत्रक आणि दुसरा लक्ष्य असलेलं सी-नॉट (पहिला १ असेल तर दुसरा उलटवणारं). झाली गुंतलेली जोडी, म्हणजे जिच्यातल्या दोघांचं वर्णन वेगवेगळं करता येत नाही अशी. मग दोन्ही क्युबिटांवर एकेक आर-वाय फिरवणी, आणि शेवटी मोजमाप. अ चे कोन ० आणि ९० अंश, ब चे ४५ आणि उणे ४५ अंश. ठरवलेल्या दिशेत मोजायचं असेल तर मोजण्याआधी तेवढ्याच कोनातून उलटं फिरवावं लागतं, म्हणून आर-वायला कोन उणे चिन्हाने द्या, आणि रेडियनमध्ये द्या. दोन कोनांतल्या फरकाचा कोसाइन म्हणजे सहसंबंध, अर्थात अ आणि ब च्या उत्तरांच्या गुणाकाराची सरासरी. तीन जोड्यांत हा फरक ४५ अंश, चौथीत १३५. पहिल्या तिन्हींत +०.७०७ आणि चौथ्यात −०.७०७ अपेक्षित आहे. तीन मिळवा, चौथा वजा करा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे चार पर्यायांसाठी चार वेगळी सर्किटं लिहिणं. शून्य अंशाची फिरवणी ट्रान्स्पायलर सरळ उडवून देतो, मग त्या पर्यायाचं सर्किट बाकीच्यांपेक्षा आखूड होतं. वरच्या पातळीचं ऑप्टिमायझेशन लावलं असेल तर प्रत्येक सर्किट चिपवरच्या वेगळ्या जोडीवर जाऊन बसण्याचीही शक्यता उरते. म्हणजे एक सहसंबंध एका जोडीचा, दुसरा दुसऱ्याच जोडीचा, आणि आपण चौघांची बेरीज करून निसर्गाबद्दल विधान करणार! बेलच्या युक्तिवादाचा पायाच असा, की चारही पर्यायांत स्रोत तोच राहतो. म्हणून सर्किट एकच ठेवा, दोन्ही कोन पॅरामीटर म्हणून मोकळे ठेवा, ट्रान्स्पाइल एकदाच करा, आणि कोनांच्या चार जोड्या एकाच कामात पाठवा. गेटांची संख्या चारही वेळा तंतोतंत सारखी राहते.

दुसरी चूक दिसतही नाही. जोडी तयार झाली आणि मोजमापाची फिरवणी सुरू झाली, या दोन टप्प्यांमध्ये बॅरियर घाला, म्हणजे अलीकडची-पलीकडची गेटं एकत्र करू नकोस अशी ट्रान्स्पायलरला सूचना. आयबीएमच्या हेरॉन प्रोसेसरवर सी-नॉट थेट नसतं. तिथे सी-झेड हे दोन क्युबिटांचं गेट आहे, आणि त्याच्या दोन्ही अंगांना लक्ष्य क्युबिटवर हॅडमार्ड लावून सी-नॉट बनवतात. बॅरियर नसेल तर शेवटचा हॅडमार्ड आणि आपली आर-वाय एकत्र करून ट्रान्स्पायलर त्यांचं एकच गेट करून टाकतो. उत्तर बदलत नाही, उलट किंचित सुधारतं. पण मग "आधी अवस्था तयार केली, नंतर काय मोजायचं ते निवडलं" हे वाक्य यंत्रात जे घडलं त्याला लागू पडत नाही. ज्याला फक्त आकडा हवा त्याला याचं सोयरसुतक नाही. ज्याला आकड्याचा अर्थ हवा त्याने ती एक ओळ जरूर लिहावी.

उत्तर वाचताना बिटांचा क्रम उलटा असतो हे विसरू नका. सगळ्यात उजवीकडचा बिट शून्य क्रमांकाच्या क्युबिटचा. या चाचणीत अ-ब अदलाबदल झाली तरी सहसंबंध तेच राहतात, त्यामुळे चूक लपून बसते आणि पुढच्या तपासणीत डोकं वर काढू शकते.

आता या सेवेतला सगळ्यात मोठा खड्डा. काम पाठवायचे दोन मार्ग आहेत, सॅम्पलर आणि एस्टिमेटर. एस्टिमेटर सरासरी काढून हातात देतो, सोयीचा आहे, आणि सीएचएसएचचा तयार धडाही त्याच्यावरच बेतलेला आहे. पण एस्टिमेटर काही न सांगता पहिल्या पातळीची त्रुटी-दुरुस्ती लावतो. मोजमापात किती चुका होतात ते वेगळं मोजून त्या प्रमाणात तो सहसंबंध फुगवतो. समजा प्रत्येक क्युबिटच्या वाचनात १ टक्का चूक आहे. मग दोघांचा सहसंबंध ०.९८ गुणिले ०.९८, म्हणजे ०.९६ पट होतो. कच्चा आकडा ०.६८ आला असेल तर एस्टिमेटर त्याला ०.९६ ने भागून ०.७०८ करून देतो. संख्याशास्त्रीय चढउतार त्यावर बसला की एकूण बेरीज कधीकधी २.८४ सुद्धा दिसते. म्हणजे क्वांटम सिद्धांतालाही मान्य नसलेला आकडा! त्यावरून कुणी "क्वांटमच्याही पलीकडचं" काही सापडल्याचा गाजावाजा करू नये. दुरुस्ती करताना आपण आधीच गृहीत धरतो की चुका अमुक तऱ्हेच्या आहेत आणि खरा सहसंबंध मोठा आहे. जे सिद्ध करायचं तेच थोडंसं आत घालून बाहेर काढल्यासारखं झालं. रेणूची ऊर्जा काढताना ही दुरुस्ती योग्यच आहे, बेल चाचणीत ती चालत नाही. सॅम्पलर वापरा, प्रत्येक शॉटचे (सर्किटच्या एका फेरीचे) कच्चे बिट घ्या आणि बेरीज-वजाबाकी स्वतः करा. एस्टिमेटरच वापरायचा हट्ट असेल तर निदान दुरुस्तीची पातळी शून्यावर आणा.

कच्चा आकडा किती यावा? गेटांच्या चुका तूर्त सोडून दिल्या आणि फक्त वाचनातली चूक धरली तर हिशेब सोपा आहे. प्रत्येक क्युबिटला १ टक्का चूक असेल तर २.७२, २ टक्के असेल तर २.६१, ५ टक्के असेल तर २.२९. चूक जवळपास ८ टक्क्यांवर गेली की आकडा २ च्या खाली येतो आणि खेळ संपतो. संकेतस्थळावर प्रत्येक यंत्राचा कॅलिब्रेशनचा तक्ता असतो. त्यात वाचन-त्रुटी आणि सी-झेडची त्रुटी दोन्ही कमी असलेली शेजारशेजारची जोडी निवडा. १५६ क्युबिटांच्या चिपवर चांगल्या जोड्यांना तोटा नाही, पण एखाददुसरा क्युबिट अगदीच रद्दड निघतो आणि डोळे मिटून ० आणि १ क्रमांक घेणारा नेमका त्यावर जाऊन आदळू शकतो.

शॉटांची संख्या मुळात ४,०९६ ठेवलेली असते आणि ती पुरेशी आहे. तेवढ्यात प्रत्येक सहसंबंधाची अनिश्चितता ०.०११ च्या आसपास येते, चौघांची मिळून ०.०२२. म्हणजे २.६ आणि २ यांच्यात अनिश्चिततेच्या सत्तावीस पट अंतर राहतं. दोन शॉटांमध्ये सुमारे २५० मायक्रोसेकंदांची विश्रांती असते. त्या हिशेबाने चारही पर्याय मिळून चार सेकंद आणि वर थोडा वरखर्च. दहा मिनिटांत हे काम किती वेळा होईल ते तुम्हीच मोजा. फक्त ओपन प्लॅनमध्ये 'सेशन' (यंत्र सलग आपल्यासाठी राखणं) मिळत नाही, एकेक काम किंवा बॅच एवढंच. या कामाला सेशन लागतही नाही. पाठवण्याआधी लॅपटॉपवरच्या एअर सिम्युलेटरवर चालवून बघावं हे सांगायला नको. रनटाइम पॅकेजमध्ये जुन्या यंत्रांच्या गोंगाटासकट नकली प्रती येतात, चिन्हांच्या चुका तिथेच सापडतात.

इथवर आलेला बहुतेक जण थांबतो आणि आलेख काढून मोकळा होतो. खरं काम पुढच्या तपासणीत आहे, आणि ती धड्यांत सहसा नसते. त्याच कच्च्या बिटांतून फक्त अ चे बिट घ्या. अ चा कोन तोच ठेवून ब चा कोन बदलला, तेव्हा अ ला शून्य येण्याचं प्रमाण बदललं का? बदलता कामा नये. ४,०९६ शॉटांत दोन प्रमाणांमधल्या फरकाची अनिश्चितता ०.०११ असते. फरक ०.०३३ च्या पुढे गेला तर संशय घ्या. मग ब च्या बाजूनेही हेच करा (बिट उलटे वाचले असतील तर ते इथे कळू शकतं). हे प्रमाण अर्ध्यापेक्षा जरा जास्त, समजा ५१ टक्के, आलं तर घाबरू नका. वाचन चालू असताना १ अवस्थेतला क्युबिट ऊर्जा गमावून ० मध्ये घसरतो, उलटं क्वचितच होतं, म्हणून शून्याकडे झुकाव असतोच. झुकाव चालतो. तो समोरच्याच्या कोनाबरोबर हलला तर मात्र चालत नाही. हलला याचा अर्थ एका क्युबिटची फिरवणी किंवा वाचन दुसऱ्यात झिरपतंय, नाहीतर काम चालू असताना यंत्र सरकलं. दोन बाजूंमध्ये साधीसुधी गळती असेल तर २ ची मर्यादा मोडण्यात कसलं नवल? दोघांनी आपापसांत कुजबुजून उत्तरं द्यावीत आणि आपण त्याला टेलिपथी म्हणावं, त्यातलाच प्रकार. ही गळती बारीक असते, म्हणून या तपासणीसाठी शॉट ४०,००० करा. अनिश्चितता ०.००३५ वर येते आणि खर्च साधारण चाळीस सेकंद.

समजा ही तपासणीही पार पडली. तरी "स्थानिक वास्तववाद खोडला", म्हणजे उत्तरं आधीच ठरलेली असतात आणि एका बाजूचा परिणाम दुसरीवर प्रकाशापेक्षा वेगाने होत नाही हा विचार खोटा ठरवला, असं म्हणता येईल का? नाही, आणि कारण चिपच्या आकारात आहे. शेजारचे दोन क्युबिट फार तर काही मिलिमीटर अंतरावर असतात. तेवढं अंतर प्रकाश काही पिकोसेकंदांत कापतो. वाचनाला लागतो सुमारे एक मायक्रोसेकंद, आणि तेवढ्यात प्रकाश ३०० मीटर जातो. म्हणजे एका बाजूची निवड दुसऱ्या बाजूला कळायला लाखपट फुरसत आहे. स्थानिकतेची अट या चाचणीत घातलेलीच नाही, मग ती मोडली असं कसं म्हणायचं? निवडीच्या स्वातंत्र्याची गोष्ट तर याहून वाईट. चारही कोन आपण फाइलमध्ये लिहून पाठवतो. जोडी जन्माला यायच्या कितीतरी आधी दोन्ही बाजूंच्या "निवडी" डेटा सेंटरच्या यंत्रात जाऊन बसलेल्या असतात. अतिनियतिवादाची (प्रयोगकर्त्याची निवडही आधीच ठरलेली असते, या मताची) बाजू मांडणाऱ्याला यापेक्षा सोयीची मांडणी मिळणार नाही. आणखी दोन क्युबिट हॅडमार्ड लावून मोजायचे आणि त्या उत्तरांवरून कोन निवडायचा, असं डायनॅमिक सर्किटने करता येतं. करून बघण्यासारखंही आहे. पण मधल्या वेळेत जोडी क्षीण होते, आकडा उतरतो, आणि यादृच्छिक बिटही त्याच चिपच्या पोटातून आलेले असतात. भोक बुजत नाही, फक्त ठिगळ लागतं.

एक पळवाट, म्हणजे निकाल नाकारायला उरणारी सबब, मात्र ही सेवा आपसूक बंद करते, आणि त्यासाठी तिला पैकीच्या पैकी गुण. प्रयोगशाळेतल्या टेबलावरच्या फोटॉन-संचाशी तुलना करा. ४०५ नॅनोमीटरचा लेझर बीबीओ स्फटिकातून जातो, ८१० नॅनोमीटरच्या फोटॉन-जोड्या निघतात, दोन ध्रुवकांमागे दोन शोधक. दिसायला सुंदर, शिकवायला उत्तम. पण बहुतेक फोटॉन वाटेत हरवतात आणि आपण फक्त दोघेही सापडले तेवढेच मोजतो. जे सापडले ते न सापडलेल्यांचे प्रामाणिक प्रतिनिधी आहेत, हे गृहीत धरावं लागतं. पूर्ण गुंतलेल्या जोडीसाठी हे गृहीतक टाळायचं तर एकूण कार्यक्षमता ८२.८ टक्क्यांच्या वर लागते, आणि शैक्षणिक संच तिथवर पोहोचत नाहीत. शिवाय उजेडात शोधक उघडा राहिला तर जायबंदी होतो, चुकीच्या योगायोगांची वजावट करावी लागते, आणि किंमत कॉलेजच्या खरेदी समितीला घाम फोडणारी. इथे मात्र प्रत्येक शॉटला दोन्ही क्युबिट उत्तर देतात. चुकीचं देतील, पण देतात. एकही शॉट गाळू नका, म्हणजे शोधनाची पळवाट राहत नाही.

स्थानिकतेची आणि शोधनाची अशा दोन्ही पळवाटा एकदम बंद करायला काय लागतं ते बघितलं की या चार सेकंदांच्या कामाची जागा कळते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने २०१५ मध्ये हिऱ्यांतले दोन इलेक्ट्रॉन-स्पिन १.३ किलोमीटर अंतरावर ठेवले. २४५ नोंदी मिळाल्या आणि आकडा आला २.४२, अनिश्चितता ०.२०. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठाने २०२३ मध्ये आपल्या चिपवर असतात तसलेच अतिवाहक क्युबिट घेतले, पण ३० मीटर लांबीच्या, जवळपास निरपेक्ष शून्यापर्यंत थंड केलेल्या नळीच्या दोन टोकांना. प्रकाशाला हे अंतर कापायला १०० नॅनोसेकंद लागतात, आणि निवड व मोजमाप तेवढ्यात उरकावं लागतं. दहा लाखांहून जास्त फेऱ्या झाल्या आणि आकडा आला २.०७४७, अनिश्चितता ०.००३३. आपल्या फुकट २.६ पुढे तो किडकिडीत दिसतो. पण दावा त्याचा भक्कम आहे, आपला नाही. आकड्याची उंची आणि दाव्याचं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही सेवा वापरणाऱ्यांपैकी फार थोडे हे लक्षात घेतात. २०२२ चं नोबेल अॅस्पे, क्लाउझर आणि त्सायलिंगर यांना मिळालं ते याच वाटेवरच्या अर्धशतकाच्या कामासाठी.

आता "वास्तववाद" या शब्दाचा घोळ. बेलच्या संदर्भात त्याचा अर्थ मर्यादित आहे: उत्तरं मोजण्याआधी ठरलेली होती. तत्त्वज्ञानात वैज्ञानिक वास्तववाद म्हणजे वेगळंच. यशस्वी सिद्धांत ज्या न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल बोलतो त्या खरोखर आहेत, आणि सिद्धांत त्यांच्याबद्दल निदान ढोबळमानाने खरं सांगतो, असा तो दावा. पहिला मोडला म्हणून दुसरा मोडत नाही. डेव्हिड बोम यांचा १९५२ चा सिद्धांत पक्का वास्तववादी आहे आणि २.८२८ हाच आकडा देतो, फक्त स्थानिकता सोडतो. एव्हरेट यांचा १९५७ चा अन्वयार्थही वास्तववादी आहे. तो मोजमापाला एकच उत्तर येतं हे नाकारतो. क्यूबिझमवाले (हा क्वांटममधला, चित्रकलेतला नव्हे) म्हणतात की हे आकडे म्हणजे जगाचं चित्र नव्हे, कर्त्याने पुढच्या अनुभवाबद्दल लावलेल्या पैजा आहेत. या तिघांतला एकही तुमच्या निकालाच्या फाइलवरून बाद होत नाही. उत्स्फूर्त संकोचाचा, म्हणजे क्वांटम अवस्था आपोआप कोसळते असं मानणारा, १९८६ चा जीआरडब्ल्यू सिद्धांत तत्त्वतः वेगळी भाकितं करतो, पण त्यातला संकोचाचा दर दर कणामागे सेकंदाला १०⁻¹⁶ इतका नगण्य आहे. चिपवर दिसणारा ऱ्हास शेकडो मायक्रोसेकंदांत होतो आणि त्याला परिसरातला गोंगाट पुरेसा आहे. अन्वयार्थ निवडायला म्हणून कुणी हे खातं उघडत असेल तर दहा मिनिटं वाया घालवू नयेत.

मग वास्तववादाच्या प्रश्नाला ही सेवा काहीच देत नाही? देते, पण भलत्याच खिडकीतून. सॅम्पलरच्या पर्यायांत मोजमापाचा प्रकार 'कर्नल्ड' करा. मग ० किंवा १ ऐवजी प्रत्येक शॉटची एक संमिश्र (दोन भागांची) संख्या मिळते, कागदावरच्या एका ठिपक्यासारखी. चार हजार ठिपके मांडले की दोन ढग दिसतात, आणि एका ढगातून दुसऱ्याकडे सरकलेले काही चुकार ठिपके. वाचन चालू असताना घसरलेले ते हेच क्युबिट. मोजमाप म्हणजे प्रत्यक्षात काय ते इथे दिसतं. सूक्ष्मलहरींचा एक छोटा पल्स क्युबिटला जोडलेल्या अनुनादकाकडे जातो, परत येतो, अतिथंड कप्प्यातून वर येताना टप्प्याटप्प्याने वाढवला जातो, अंकांत बदलतो, मायक्रोसेकंदभर साठवून त्याची एक सरासरी निघते. आणि मग सॉफ्टवेअर दोन ढगांमधून एक रेघ ओढतं: अलीकडे ०, पलीकडे १. ज्या "निरीक्षणा"वर सगळं तत्त्वज्ञान उभं करायचं, त्याची सीमा कॅलिब्रेशनने आखलेली असते आणि ती अधूनमधून पुन्हा आखली जाते. न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल सिद्धांत जे सांगतो ते खरं मानायची गरज नाही, तो दिसणाऱ्याशी जुळला तरी पुरे, असं तत्त्वज्ञ व्हॅन फ्रासेन यांनी १९८० मध्ये मांडलं. त्यांचा "दिसणारं" हा शब्द या आलेखासमोर धरून बघा. ठिपका दिसणारा की रेघ?

उलट तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी १९८३ मध्ये दिलेला निकष इथे चपखल बसतो: जी वस्तू हाताळून तिच्याकरवी दुसरं काही घडवून आणता येतं, ती खरी. या चिपवरचा ट्रान्समॉन क्युबिट म्हणजे अतिवाहक धातूचं मंडल, आणि त्यात दोन थरांमध्ये ऑक्साइडचा पातळ पडदा. ऊर्जा-पातळ्यांमधलं अंतर साधारण ५ गिगाहर्ट्झ, म्हणजे तापमानात पाव केल्विनच्याही खाली, म्हणून चिप दहा-वीस मिलिकेल्विनवर ठेवतात. अशा मंडलातल्या ऊर्जेच्या सुट्या पातळ्या आणि टनेलिंग दाखवल्याबद्दल क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांना २०२५ चं नोबेल मिळालं. ती पातळी कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. तरी सी-झेड लावला की शेजारचा क्युबिट ठरल्याप्रमाणे वळतो, आणि कोन काही अंशांनी बदलला की आलेख तेवढाच हलतो. वस्तूंबद्दलचा वास्तववाद इथे मजबूत होतो. तरंगफलनाबद्दलचा, म्हणजे क्वांटम अवस्थेच्या गणिती वर्णनाबद्दलचा, नाही.

ते तरंगफलन खरोखरची गोष्ट की नुसती आपली माहिती, हे बघायला पुसी, बॅरेट आणि रुडॉल्फ यांनी २०१२ मध्ये मांडलेली चाचणीही दोन क्युबिटांत बसते. दोघांना ० किंवा + (० आणि १ च्या समान मिश्रणाच्या) अवस्थेत स्वतंत्रपणे तयार करायचं आणि मग गुंतलेलं मोजमाप करायचं. चारही मांडण्यांत एकेक उत्तर कधीच येऊ नये. चिपवर ते "कधीच" ऐवजी टक्का-दोन टक्के वेळा येतं, आणि सगळा युक्तिवाद त्या शून्यावर टेकलेला. करून बघायला मजा येते, निष्कर्ष मात्र हात राखून काढावा.

शिकण्याची सोय म्हणाल तर संकेतस्थळावरचा जॉन वॉट्रस यांचा फुकट अभ्यासक्रम चांगला आहे. त्यात सीएचएसएच खेळाच्या रूपात येतो: साध्या डावपेचांनी जिंकायची शक्यता ७५ टक्के, गुंतलेल्या जोडीने ८५ च्या जरा वर. गणित स्वच्छ आहे. अर्थाची चर्चा तिथे शोधू नका, तो त्याचा विषयच नाही. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) अतिवाहक क्युबिटांवर चांगलं काम चालतं, पण घरबसल्या खातं उघडून वापरायचं तर आज याच दारात उभं राहावं लागतं.

गुण द्यायचे तर शिकण्यासाठी पाचपैकी साडेचार. अर्धा गुण जुन्या कोडच्या पसाऱ्यामुळे आणि एस्टिमेटरच्या न बोलता लावलेल्या दुरुस्तीमुळे कापला. स्थानिक वास्तववादाची चाचणी म्हणून एक, तोही शोधनाच्या पळवाटेसाठी. बी.एस्सी.ला तत्त्वज्ञान आणि भौतिकशास्त्र एकत्र शिकवणारे कुणी असतील तर त्यांनी वर्गात एकच काम दोनदा लावावं, एकदा एस्टिमेटरने आणि एकदा सॅम्पलरने. आलेले दोन आकडे फळ्यावर लिहून त्यातला "निसर्गाचा" कोणता ते मुलांना विचारावं. तास सहज भरतो.

काम झाल्यावर जॉबचा क्रमांक, तारीख, यंत्राचं नाव, दोन्ही क्युबिटांचे क्रमांक आणि त्या दिवशीचा कॅलिब्रेशनचा तक्ता आपल्याकडे उतरवून ठेवा. यंत्रं बदलत राहतात. क्योटो आणि ओसाका ही नावं जुन्या कोडमध्ये अजून सापडतात, यादीतून ती केव्हाच गेली.